कॅटफिशची अंडी, पिल्ले वाचवण्यासाठी पहिले पंधरा दिवस महत्त्वाचे

घरच्या काचेच्या टाकीत कोरी, ब्रिसलनोज यांसारखे शोभिवंत कॅटफिश अंडी घालतात, पण पिल्ले हाती लागत नाहीत, अशी अनेक मत्स्यपालकांची तक्रार असते. अंडी राखणारा मासा कोणता आणि खाणारा कोणता हे ओळखणे, मेलेली अंडी वेळेवर काढणे आणि खाद्य मोजून देणे ही तीन कामे सांभाळल्यास नुकसान बरेच कमी होते.

शोभिवंत माशांचा जोडधंदा सुरू करताना बहुतेक जण गप्पी, मोली, प्लॅटी या माशांपासून सुरवात करतात. हे मासे थेट पोहणारी पिल्ले देतात, त्यामुळे अंडी सांभाळण्याचा प्रश्न येत नाही. पुढच्या पायरीवर अंडी घालणारे मासे घेतले जातात. त्यात कॅटफिश गटातील कोरी आणि ब्रिसलनोज हे दोन मासे घरच्या टाकीत वाढवण्यास सोपे आहेत. दोघेही मूळचे दक्षिण अमेरिकेतील. आपल्याकडील नळाच्या आणि विहिरीच्या पाण्याशी दोघेही बऱ्यापैकी जुळवून घेतात.

या दोन्ही माशांची अंडी मिळवणे फारसे अवघड नाही. ती वाचवणे अवघड आहे. समजा, कोरीच्या एका मादीने १५० अंडी घातली. ती मोठ्या टाकीत तशीच राहिली, तर सकाळपर्यंत बहुतेक अंडी टाकीतील मासेच संपवतात. उरलेल्यांपैकी काही बुरशीने जातात. नशिबाने पाच-दहा पिल्ले निघाली, तर ती भुकेने किंवा घाण पाण्याने मरतात. वर्षभर खाद्य, वीज आणि वेळ खर्च करून हाती काही न लागण्याचे कारण बहुतेक वेळा याच पंधरा दिवसांत सापडते.

अंडी कोण राखतो, कोण खातो?

सगळ्या कॅटफिशना एकच नियम लावल्याने बरेच नुकसान होते. पालक माशाच्या सवयीप्रमाणे व्यवस्थापन बदलते.

- कोरी (ब्राँझ, अल्बिनो, पेपर्ड इ.) : नर किंवा मादी अंड्यांची राखण करत नाहीत. अंडी चिकटवून झाली की त्यांचे काम संपते. थोड्याच वेळात तेच मासे अंडी खाऊ लागतात. म्हणून अंडी किंवा मासे, दोघांपैकी एकाची जागा बदलावी लागते.
- ब्रिसलनोज (अॅन्सिस्ट्रस) : नर बिळात अंड्यांवर बसून राखण करतो. शेपटी व परांनी वारा घातल्यासारखे पाणी हलवतो, मेलेली अंडी काढतो. येथे नराला हात न लावणे हाच पहिला उपाय आहे. इतर मासे बाहेर काढावेत.

आपल्याकडील देशी मागूरही चिखलातील खळग्यात अंडी घालतो आणि तेथे अंड्यांची राखण होते. बीजोत्पादन केंद्रात मात्र ही अंडी वेगळ्या टबात, वाहत्या पाण्यात उबवतात. राखणारा मासा काढून घेतला, की त्याचे काम माणसाला करावे लागते. कोरीची अंडी वेगळी करताना आपणही हेच काम अंगावर घेत असतो.

कोरी अंडी घालणार हे कसे ओळखावे?

एका टाकीत किमान सहा कोरी ठेवाव्यात. एका मादीमागे दोन नर असे प्रमाण चांगले. वरून पाहिल्यास मादी रुंद व गोलसर, नर सडपातळ दिसतो. जिवंत किंवा गोठवलेले खाद्य दोन आठवडे दिल्यावर माद्यांची पोटे भरलेली दिसू लागतात. अशा वेळी एक तृतीयांश ते निम्मे पाणी बदलून २ ते ३ अंश सेल्सिअसने थंड पाणी भरल्यास मासे अंडी घालण्यास प्रवृत्त होतात. त्यांच्या मूळ प्रदेशात पावसाच्या थंड पाण्याने हेच घडते.

नर मादीच्या मागे फिरू लागतात. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून थांबते, वरून पाहताना दोघे मिळून इंग्रजी टी अक्षरासारखे दिसतात. ब्राँझ कोरीची मादी या वेळी नराचे शुक्राणू गिळते आणि ते तिच्या आतड्यातून झपाट्याने बाहेर पडून अंड्यांपर्यंत पोहोचतात, असे जपानी संशोधकांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केले. मादी पोटाखालील परांच्या ओंजळीत काही अंडी धरते आणि काचेवर, पानांवर किंवा फिल्टरजवळ चिकटवते. हा प्रकार काही तास चालतो. या काळात टाकीत हात घालू नये, दिवा बंद-चालू करू नये, खाद्य टाकू नये.

अंडी वेगळी कशी करावीत?

नुकतेच घातलेले अंडे मऊ असते, बोटाने फुटते. मासे शांत झाल्यावर दोन-तीन तासांनी कवच टणक होते, तेव्हा अंडी काढावीत. मासे तत्काळ अंडी खाऊ लागल्यास पालक मासे जाळीने दुसऱ्या टाकीत हलवावेत.

- हात कोपरापर्यंत स्वच्छ पाण्याने धुवावेत. साबण, तेल, अत्तर यांचा अंश नसावा.
- काचेवरील अंडी बोटाच्या टोकाने हळू लोळवत सोडवावीत. जुने प्लॅस्टिकचे कार्डही चालते.
- पानावरील अंडी पानासह कापून घ्यावीत.
- सोडवलेली अंडी उबवणीच्या टबाच्या भिंतीला एकेक करून चिकटवावीत. गठ्ठा झाला तर आतील अंड्यांना प्राणवायू मिळत नाही आणि बुरशी लागते.

उबवणीचा टब

३ ते ५ लिटरचा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा टब पुरेसा होतो. त्यात मूळ टाकीतीलच पाणी घ्यावे, म्हणजे तापमान व सामू बदलत नाही. पाण्याची खोली १० ते १२ सें.मी. ठेवावी. टब मोठ्या टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवल्यास तापमान स्थिर राहते. एअर स्टोन अंड्यांपासून थोडा दूर ठेवावा. बुडबुडे अंड्यांवर थेट आदळू नयेत, मात्र अंड्यांभोवतीचे पाणी सतत हलते असावे.

ब्राँझ कोरीसाठी २४ ते २६ अंश सेल्सिअस तापमान योग्य. या तापमानाला ३ ते ५ दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. हिवाळ्यात पाणी २० अंशांपर्यंत उतरल्यास उबवण लांबते आणि बुरशीला वेळ मिळतो, म्हणून हीटर लावावा. विदर्भ, मराठवाड्यातील उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर जाते. अशा पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी आणि जिवाणूंची वाढ जास्त असते. त्या काळात उबवण टाळावी किंवा टब घरातील सर्वांत थंड खोलीत ठेवावा.

बुरशीचे नियंत्रण

पाण्यातील सॅप्रोलेग्निया ही बुरशीसारखी वाढणारी प्रजाती मेलेल्या अंड्यावर कापसासारखी वाढते आणि तिचे तंतू शेजारच्या जिवंत अंड्यावर जातात. रोपवाटिकेतील ट्रेमध्ये एक रोप कोलमडले, की शेजारची रोपे कशी जातात हे शेतकऱ्यांना माहीत आहे. येथेही तसेच घडते. म्हणून औषधाआधी मेलेले अंडे काढणे महत्त्वाचे.

फळलेले अंडे हळूहळू पिवळसर, नंतर तपकिरी होते. तिसऱ्या दिवशी भिंगातून पाहिल्यास आत हलणारे पिल्लू दिसते. न फळलेले अंडे साधारण एका दिवसात दुधासारखे पांढरे, अपारदर्शक होते. अशी अंडी ड्रॉपरने किंवा चिमट्याने दिवसातून दोन वेळा काढावीत.

मिथिलीन ब्ल्यू वापरायचे असल्यास मात्रा मोजूनच घ्यावी. बाजारातील १ टक्का द्रावणाच्या १ मि.लि.मध्ये १० मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे १० लिटर पाण्यास १ मि.लि. टाकल्यास प्रतिलिटर १ मिलिग्रॅम मात्रा होते. ५ लिटरच्या टबासाठी अर्धा मि.लि. (ड्रॉपरचे सुमारे १० थेंब) पुरेसे. पाणी फिकट निळे दिसावे, अंडी स्पष्ट दिसली पाहिजेत.

- हे औषध मुख्य टाकीत टाकू नये. फिल्टरमधील उपयुक्त जिवाणू त्याने मरतात.
- पहिले पिल्लू बाहेर पडताच थोडे थोडे पाणी बदलून निळा रंग काढून टाकावा.
- मॅलॅकाइट ग्रीन विषारी आहे. घरगुती वापरात ते टाळावे.

औषध नको असल्यास जंगली बदामाची (ज्याच्या फळातील गर मुले फोडून खातात ते झाड) गळालेली, वाळलेली तपकिरी पाने वापरता येतात. कोकणात आणि शहरांतील रस्त्यांच्या कडेला ही झाडे भरपूर आहेत. पाने धुऊन ५ लिटर पाण्यात अर्धे पान टाकावे. त्यातील टॅनिनमुळे पाणी चहासारखे होते आणि बुरशीची वाढ मंदावते. रहदारीच्या रस्त्यावरील, धूळ-धूर बसलेली किंवा फवारणी झालेल्या बागेतील पाने घेऊ नयेत. पान वापरले तरी पांढरी अंडी काढण्याचे काम टळत नाही.

पिल्ले बाहेर पडल्यावर

नुकते बाहेर पडलेले पिल्लू तळाशी पडून असते. त्याच्या पोटाखाली बलकाची पिशवी असते. पुढचे दोन-तीन दिवस हेच त्याचे अन्न. या काळात बाहेरून काहीही खाऊ घालू नये.

माझी स्वतःची पहिली तुकडी याच चुकीने गेली. पिल्ले निघाल्याच्या संध्याकाळी ती उपाशी आहेत असे वाटून उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून टाकला. सकाळी पाणी गढूळ, वास येणारे आणि शंभराच्या आसपास पिल्लांपैकी हलणारी चार. पोटाशी बलक घेऊन आलेल्या पिल्लांना मी वरून बलक घातला होता. त्यांनी तो खाल्ला नाही, तो कुजला आणि पाण्यातील प्राणवायू संपला.

रिकामी कवचे व न उबलेली अंडी याच दिवसांत सिफन करून काढावीत. पिल्ले तळाशी राहत असल्याने टबाच्या तळावर साचणारा बुळबुळीत थर त्यांना सर्वाधिक घातक असतो. तळ उघडा ठेवून रोज मऊ स्पंजने पुसावा. जाड वाळू किंवा खडी टाकू नये, खाद्य त्यात अडकून कुजते.

पहिले खाद्य

बलकाची पिशवी संपली, पिल्ले तळावर इकडेतिकडे फिरू लागली, की खाद्य सुरू करावे.

- आर्टेमियाची पिल्ले : १ लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम आयोडीन नसलेले जाडे मीठ विरघळवून १ ग्रॅम आर्टेमियाची अंडी टाकावीत. पाणी २६ ते २८ अंश सेल्सिअस ठेवून जोरात हवा सोडावी, वर दिवा लावावा. २४ ते ३६ तासांत नारिंगी पिल्ले निघतात. हवा बंद केल्यावर कवचे वर तरंगतात, पिल्ले खाली बसतात. ती बारीक कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन द्यावीत. गोड्या पाण्यात ती काही तासच जगतात, म्हणून खाल्ली जातील तेवढीच टाकावीत.
- मायक्रोवर्म : ओट्सच्या घट्ट पेजेत चिमूटभर यीस्ट व थोडे विरजण कृमी घालून डबा सैल झाकणाने ठेवावा. आठवडाभरात कृमी डब्याच्या कडांवर चढतात. ते बोटाने निपटून द्यावेत. हे कृमी तळाशी बसतात आणि पाण्यात बराच वेळ जिवंत राहतात. तळाशी खाणाऱ्या कोरीसाठी हे स्वस्त व सोयीचे खाद्य आहे. अंडी दिसण्याच्या आधीच हा डबा तयार असावा.
- ट्युबिफेक्स : गटारातून गोळा केलेले ट्युबिफेक्स लहान पिल्लांना देऊ नयेत, रोग येतो.

दिवसातून तीन ते चार वेळा थोडे खाद्य द्यावे. अर्ध्या तासाने भिंगातून पाहावे. पोटे नारिंगी किंवा पांढरी, भरलेली दिसली म्हणजे खाद्य पोचले. तळाशी उरलेले खाद्य लगेच ओढून काढावे. दोन आठवड्यांनंतर बारीक केलेले तळाशी बसणारे खाद्य हळूहळू सुरू करता येते.

पाणी बदलण्याची पद्धत

लहान टबात अमोनिया लवकर साचतो. सामू आणि तापमान जितके जास्त, तितका तो अधिक विषारी. त्यामुळे रोज २० ते ३० टक्के पाणी बदलावे.

- नळाचे पाणी २४ तास हवा सोडून ठेवावे, म्हणजे क्लोरीन निघून जाते. बोअरवेलचे पाणीही काही तास हवा देऊन मगच वापरावे.
- नवे पाणी जुन्या पाण्याच्याच तापमानाचे असावे. ते एअर पंपाच्या बारीक नळीतून थेंबाथेंबाने सोडावे.
- घाण काढतानाही हीच बारीक नळी वापरावी आणि पाणी पांढऱ्या बादलीत घ्यावे. ओढली गेलेली पिल्ले पांढऱ्या तळावर लगेच दिसतात, ती ड्रॉपरने परत टाकता येतात. पाणी थेट मोरीत सोडले, तर किती पिल्ले गेली हे कळतही नाही.
- आठवड्याने पिल्ले ३० ते ४० लिटरच्या टाकीत हलवावीत. तेथे आधीपासून चालू असलेला, म्हणजे जिवाणू वसलेला स्पंज फिल्टर लावावा. नवा स्पंज मोठ्या टाकीत महिनाभर आधी टाकून ठेवल्यास तो तयार मिळतो.
- भारनियमन असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी असावा. उथळ पाणी व रुंद तोंडाचा टब यांमुळेही वीज गेल्यावर पिल्ले अधिक वेळ तग धरतात. कोरी वर येऊन हवा गिळतात, म्हणून पाण्याची पातळी पहिले काही आठवडे कमीच ठेवावी.

ब्रिसलनोजची अंडी : नराला काम करू द्या

नराच्या नाकावर फांद्यांसारखे मोठे काटेरी तंतू असतात. त्याला एका बाजूने बंद असलेले, ४ ते ५ सें.मी. व्यासाचे, १२ ते १५ सें.मी. लांबीचे पीव्हीसी पाइपचे किंवा भाजलेल्या मातीचे बीळ द्यावे. नारळाची करवंटीही चालते. मादी त्यात नारिंगी-पिवळी, मोठी अंडी घुबक्याने घालते आणि निघून जाते. पुढे नर बसतो.

सुमारे ५ दिवसांत पिल्ले निघतात, पण बलक संपेपर्यंत आणखी आठवडाभर बिळातच चिकटून राहतात. या काळात बीळ उचलून पाहणे, टॉर्च मारणे टाळावे. घाबरलेला नर अंडी बाहेर ढकलतो. अंडी बाहेर पडलीच, तर ती जाळीच्या तरंगत्या पेटीत ठेवून खालून हवा सोडावी. पिल्ले स्वतः बाहेर येऊ लागली, की उकडलेली काकडी, दुधी, पालक द्यावा. टाकीत लाकडाचा ओंडका असावा, पिल्ले तो खरवडतात. भाजीचा तुकडा १२ तासांपेक्षा जास्त ठेवू नये.

शेतकऱ्याच्या घरातील वेगळे धोके

शहरातील हौशी पालकाला नसलेला एक धोका शेतकऱ्याच्या घरात असतो, तो म्हणजे कीटकनाशकांचा अंश. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके माशांना अत्यंत कमी मात्रेतही मारतात. पिल्ले तर आणखी नाजूक.

- फवारणीच्या दिवशी टाकीत हात घालू नये. पाणी बदलण्याचे काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे.
- फवारणीचे द्रावण केलेली बादली, मग, नळी कितीही धुतली तरी टाकीसाठी वापरू नये. माशांच्या बादलीवर रंगाने खूण करावी.
- पिल्लांना द्यायची काकडी, पालक फवारणी न केलेल्या परसबागेतील असावी. काकडी, दुधी सोलून द्यावा.
- डासांसाठीच्या अगरबत्त्या व द्रवयंत्रांतही बहुतेक वेळा पायरेथ्रॉइडच असते. एअर पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो. टाकीच्या खोलीत ही साधने लावू नयेत.
- तलावातून आणलेल्या पाणवनस्पतींवर हायड्रा, प्लॅनेरिया (चपटे कृमी) येतात. हायड्रा पिल्ले पकडतो, प्लॅनेरिया अंडी खातात. पिल्लांच्या टाकीत अशा वनस्पती टाकू नयेत.

कोरीसाठी दिवसनिहाय कामे

- दिवस ० : अंडी टणक झाल्यावर टबात हलवावीत. मिथिलीन ब्ल्यू किंवा बदामाचे पान टाकावे.
- दिवस १ ते ३ : रोज दोन वेळा पांढरी अंडी काढावीत. तापमान नोंदवावे.
- दिवस ३ ते ५ : पिल्ले निघतात. औषधाचे पाणी बदलावे, कवचे काढावीत, आर्टेमिया उबवण्यास घालावा. पिल्लांना खाद्य नाही.
- दिवस ६ ते ८ : बलक संपल्याची खात्री करून पहिले खाद्य द्यावे. रोज पाणी बदल, तळ पुसणे.
- दिवस ९ ते १५ : मोठ्या टाकीत स्थलांतर. खाद्य तीन-चार वेळा, मेलेले पिल्लू दिसताच काढावे.

वहीत घातलेली अंडी, काढलेली पांढरी अंडी, निघालेली पिल्ले आणि पंधराव्या दिवशीची पिल्ले असे चार आकडे लिहावेत. पांढरी अंडी खूप असल्यास नरांची संख्या किंवा पाण्याचा कठीणपणा तपासावा. पिल्ले निघून नंतर मरत असल्यास दोष खाद्यात किंवा तळाच्या स्वच्छतेत असतो. असे चार आकडे असले, की पुढच्या वेळी नेमके काय बदलायचे ते कळते.

उरलेली पिल्ले नदी-तलावात सोडू नका

पिल्ले जास्त झाली म्हणून ओढ्यात किंवा शेततळ्यात सोडणे चुकीचे आहे. टाकीतून बाहेर पडलेल्या मोठ्या सकर कॅटफिशने पूर्व कोलकात्याच्या पाणथळ भागात आणि केरळमधील जलाशयांत मच्छीमारांची जाळी व देशी मासे, दोन्हींचे नुकसान केले आहे. जास्तीची पिल्ले स्थानिक मत्स्यविक्रेत्यास द्यावीत.

व्यवसाय म्हणून विचार असल्यास एका टाकीत तीन वेळा पिल्ले पंधरा दिवसांपलीकडे नेऊन दाखवावीत, मगच टाक्या वाढवाव्यात. परसातील शोभिवंत मत्स्यसंवर्धन घटकांसाठी प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अर्थसाह्याची तरतूद आहे. त्याची चौकशी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात करावी. प्रस्ताव देताना वरील चार आकड्यांची वही सोबत न्यावी.